चष्मेवाल्या रेफरीचा रिपोर्ट

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, सहा दिवस लोकांचे चष्मे करायचे आणि सातव्या दिवशी त्याच लोकांकडून 'आंधळ्या, चष्मा लाव!' असं ऐकून घ्यायचे. फुटबॉलच्या मैदानावर रेफरीला आंधळा म्हणायची पद्धत जुनीच आहे. पण आमच्या भागात तिला जरा जास्तच रंग चढायचा, कारण निम्म्या प्रेक्षकांच्या नाकावरची काच भाऊजींनीच घासलेली असायची. एकदा मध्यंतरात एकजण कठड्यावरून वाकून ओरडला, "अहो, नंबर तपासून घ्या तुमचा!" भाऊजी सावकाश चालत त्याच्यापाशी गेले, त्याच्या चष्म्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तुमची डावी दांडी सैल झालीय. उद्या दुकानात या." आणि गेला की तो दुसऱ्या दिवशी! दांडी घट्ट करून घेतली आणि पुढच्या रविवारी त्याच कठड्यावरून पुन्हा शिव्या घातल्या.

दुकान भाऊजींचं नव्हतं. पुढे काउंटरवर मालक बसायचे आणि मागच्या अरुंद खोलीत भाऊजी काचा घासायचे. फिरतं चाक, त्यावर पाण्याची बारीक धार, भिंतीवर पांढुरके शिंतोडे आणि हातात ती एवढीशी काच. डावा कान चाकाकडे झुकवून ते काम करायचे. काच किती उरलीय हे आवाजावरून कळतं, म्हणायचे. आम्हाला सगळे आवाज सारखेच, पण त्यांची काच कधी फुकट गेली नाही.

मी लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला. मला मैदानावर त्यांनीच ओढलं. "तू पळतोस बरा आणि रविवारी तुला काम नसतं," एवढीच माझी पात्रता. ताई तेव्हाच म्हणाली होती, "घरात एक वेडा कमी पडत होता, म्हणून आता माझा भाऊही नेताय का?" पण मी गेलो, आणि चौदा वर्षं त्यांचा लाइन्समन म्हणून रेषेवर झेंडा घेऊन धावलो.

भाऊजींचे नियम होते आणि ते त्यांना जेवणाखाण्यापेक्षा प्यारे होते. सामन्याचा रिपोर्ट त्याच दिवशी लिहायचा. तिघांनी तीन रिपोर्ट लिहायचे, एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही. लिहून झाला की पाकीट चिकटवायचं. आणि जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. "ऐकीव गोष्ट म्हणजे दुसऱ्याचा चष्मा. आपल्या डोळ्यावर चढवला की सगळं वेडंवाकडं दिसतं." घरीसुद्धा हेच. बशी फुटलेली असायची, शेजारी मांजर बसलेली असायची आणि हे म्हणायचे, "फोडताना मी पाहिलं नाही." ताई कपाळावर हात मारायची. "लग्नाआधी मला तरी पाहिली होतीत ना? की तेही ऐकीवच?"

आणखी एक नियम होता. सामना संपला की तिघांनी मैदानाच्या मधोमध जमायचं आणि एकत्र खोलीकडे जायचं. लाइन्समन पुढे, रेफरी सगळ्यात मागे. "मार पडायचा असेल तर शिट्टीवाल्याला पडावा," भाऊजी म्हणायचे, "झेंड्यावर निर्णय मीच देतो." तेव्हा आम्ही हसायचो. आता या वाक्याचं मला हसू येत नाही.

मार पडत होताच. एका शाळेतले खेळाचे मास्तर भाऊजींचे जुने मित्र, तेही रेफरी. एका सामन्यानंतर त्यांचा जबडा मोडला. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला भाऊजी त्यांच्याबरोबर गेले, तर ठाण्यातले म्हणाले, "अहो, खेळात चालायचंच. हात मिळवा आणि मिटवा." मास्तरांनी हात मिळवला, कारण त्यांना बोलताच येत नव्हतं. पंचावर हात टाकणाऱ्यांसाठी कायदा हवा, हे त्या दिवसापासून भाऊजींच्या डोक्यात बसलं. सात वर्षं हा माणूस सुट्टीच्या दिवशी सह्या गोळा करत हिंडला. रेफरी, पंच, लाइन्समन, शाळाशाळांतले खेळाचे शिक्षक, सगळ्यांच्या दारात गेला. लोक त्यांना बघून रस्ता बदलायचे. मीही एकदोनदा बदलला, खोटं कशाला सांगू.

शेवटी झाला तो कायदा. मैदानात पाऊल टाकल्यापासून मैदान सोडेपर्यंत पंचावर हात टाकला, तर तो सरकारी माणसावर हात टाकल्यासारखाच गुन्हा. तुरुंग. आणि आपसात मिटवामिटवी नाही. भाऊजींनी त्याची प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून शिट्टीशेजारी बॅगेत ठेवली. मी चिडवलं, "हा कागद दाखवल्यावर लोक काय काठ्या खाली टाकणार आहेत का?" ते म्हणाले, "नाही टाकणार. पण नंतर 'खेळात चालायचंच' म्हणता येणार नाही." आमच्या भागात त्या कायद्याखालचा पहिला खटला उभा राहिला, तो त्यांच्याच मारहाणीचा. दैव कधीकधी अशी चेष्टा करतं की हसावं की रडावं कळत नाही.

लीगचा शेवटचा सामना होता. बरोबरी झाली तर चषक पाहुण्यांकडे जाणार होता. यजमान संघाला एक गोल हवा होता आणि तो शेवटच्या मिनिटाला झाला. आणि मी झेंडा वर केला. ऑफसाइड! पास सुटला तेव्हा त्यांचा खेळाडू शेवटच्या बचाववाल्याच्या पुढे पाऊलभर होता. त्या झेंड्याबद्दल मला आजही तिळमात्र शंका नाही. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, शिट्टी मारली, गोल रद्द केला. अर्ध्या मिनिटाने सामना संपला.

कठडा ओलांडून लोक आत आले, ते आधी माझ्याच दिशेने. झेंडा माझा होता ना! दुसरा लाइन्समन पलीकडच्या रेषेवर होता, तो तिकडच्या फाटकातून बाहेर पडला. भाऊजी मधोमध उभे राहून मला हाताने बोलवत होते. चौदा वर्षांचा नियम होता, मी त्यांच्याकडे जायला हवं होतं. मी खोलीकडे पळालो. आमची खोली म्हणजे एक बाक, दोन खुंट्या, एक तडकलेला आरसा आणि लोखंडी दार. आत शिरलो, दार लोटलं आणि कडी घातली.

कडी सरकते न सरकते तोच तीन ठोके पडले. "अरे, मी आहे. उघड."

मी काय केलं? बाकावर चढलो. दाराच्या वर हवेसाठी जाळी होती, तिच्यातून बाहेर पाहिलं. भाऊजी दाराकडे तोंड करून उभे होते, हात ठोकण्यासाठी वर. मागे पंधरावीस माणसं. सगळ्यांत पुढे यजमान क्लबचे अध्यक्ष. फर्निचरचं मोठं दुकान, बोलायला साखर, हातात मैदानाच्या कोपऱ्यातल्या झेंड्याची काठी. कडी काढायला दोन सेकंद लागतात. लिफ्टची दारं हेच माझं आयुष्य, दोन सेकंद म्हणजे किती हे मला कुणी शिकवायला नको. मी भ्यालो होतो. दार उघडलं तर ते सगळे आत येतील, एवढंच डोक्यात होतं. अध्यक्षांनी काठी दोन्ही हातांनी उचलली आणि भाऊजींच्या डाव्या कानावर घातली.

माणसं पांगल्यावर मैदानाचा रखवालदार ओरडत आला, तेव्हा मी दार उघडलं. भाऊजी उंबऱ्याशी पडले होते. "दार अडकलं होतं," मी म्हणालो. मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं! खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगीच नाही. पण ते दार अधूनमधून अडकायचं खरं, त्यामुळे सगळ्यांना पटलं.

दवाखान्यात डोक्याला पट्टी बांधून झाल्या झाल्या भाऊजींनी पहिली गोष्ट मागितली ती रिपोर्टचा फॉर्म. डॉक्टर म्हणाले उद्या लिहा. हे म्हणाले, आजच्या सामन्याचा रिपोर्ट आज. खाटेच्या एका बाजूला ते लिहीत होते, दुसऱ्या बाजूला पाठ करून मी. मी लिहिलं, 'दार अडकल्यामुळे उघडता आलं नाही. बाहेरचं काही दिसलं नाही.' दोन ओळी, दोन्ही खोट्या. त्यांना वीस मिनिटं लागली. मग दोघांनी आपापली पाकिटं चिकटवली.

दुसऱ्या दिवशी भाऊजींच्याच तोंडून ताईला कळलं की रिपोर्टात मारणाऱ्याचं नावच नाही. आभाळ कोसळलं घरात.

"अहो, चारशे लोकांनी पाहिलंय!"

"मग चारशे लोकांनी लिहावं. फटका मागून बसला. मी पाहिलं नाही."

"सात वर्षं चपला झिजवल्यात त्या कायद्यासाठी, आणि आता स्वतःच्या हातानं त्याच्यावर पाणी ओतताय? याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात!"

"आज न पाहिलेलं लिहिलं तर आजवरचे माझे सगळे रिपोर्ट खोटे ठरतात गं," ते म्हणाले आणि कूस बदलली. डाव्या कुशीवर झोपता येत नव्हतं त्यांना.

पोलिसांना ती काठी अध्यक्षांच्या गाडीत मिळाली, म्हणून खटला तरी उभा राहिला. पण काठी क्लबची, गाडीही क्लबच्या कामाला लागणारी. ठाण्यातल्या साहेबांनी ताईला स्पष्ट सांगितलं, "बाई, कायदा चांगला आहे. पण यांनीच मारलं असं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एक माणूस आणा. एकच पुरे. नाहीतर हे सुटले म्हणून समजा."

ताई माणूस शोधायला निघाली आणि मला बरोबर घेतलं. अकरा घरं फिरलो आम्ही. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. एकजण पाणी प्यायला गेला होता. एकाच्या डोळ्यात नेमकी त्याच वेळी धूळ गेली. तिघेजण बुटाची नाडी बांधत होते. त्या दिवशी साऱ्या मैदानाच्या नाड्या एकदमच सुटल्या होत्या म्हणायच्या! घरी परतताना ताई म्हणायची, "काय माणसं आहेत रे! एवढं तोंडाला कुलूप?" मी हूं म्हणायचो. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. पण काखेतल्या कळशाला काय वाटतं, ते त्या म्हणीत कुठे सांगितलेलं नाही.

माझ्या बाजूने बोलण्यासारखं काहीच नाही. रोज ठरवायचो, आज सांगू. ताईच्या दारात पाऊल टाकलं की ती पाण्याचा पेला पुढे करायची आणि म्हणायची, "तू आहेस म्हणून बरं." मग कोण सांगतंय!

दरम्यान डॉक्टरांनी सांगून टाकलं की डावा कान गेला. चक्करही यायची, त्यामुळे मैदानावर धावणं संपलं. दुकानात दोन महिन्यांनी परतले तर पहिल्याच आठवड्यात पाच काचा फुकट गेल्या. चाकाचा आवाज त्यांना नीट कळेचना. उजवा कान लावून पाहिला, पण हाताला ती सवय नव्हती. मालक भले माणूस. त्यांनी भाऊजींना पुढे काउंटरवर बसवलं, फ्रेमी पुसायला आणि गिऱ्हाइकांना आरसा दाखवायला. तीस वर्षं काच घासलेला माणूस दिवसभर आरसा धरून बसायचा. मी एकदा बाहेरून पाहिलं आणि आत न जाताच परत फिरलो.

खटला लागला तेव्हा मलाही समन्स आलं. घाबरलो, पण सरकारी वकील म्हणाले, "तुमचं काम पाच मिनिटांचं. रिपोर्ट तुमच्यासमोर लिहिला, अक्षर आणि सही त्यांचीच, एवढं सांगा आणि उतरा." भाऊजींची साक्ष माझ्याआधी झाली होती. आरोपीच्या वकिलांनी त्यांना एकच प्रश्न विचारला होता, "मारणाऱ्याला पाहिलंत का?" ते नाही म्हणाले होते आणि संपलं होतं. आता ते ताईशेजारी बाकावर बसले होते, उजवा कान पुढे करून. समोरच्या बाजूला अध्यक्ष, इस्त्रीचा सदरा घालून, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसत.

मी पिंजऱ्यात उभा राहिलो. वकिलांनी भाऊजींचा रिपोर्ट हातात दिला. निळी शाई, एकाखाली एक रेखीव ओळी. चौदा वर्षांत त्यांचा रिपोर्ट मी पहिल्यांदाच पाहत होतो, नियमच तसा होता.

"शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचा आणि अक्षर कुणाचं ते सांगा."

मी वाचायला लागलो. "सामना संपल्यावर मी खोलीच्या दारापाशी गेलो. तीन वेळा दार ठोठावलं आणि आवाज दिला. दार उघडलं नाही. ते आतून लावलेलं होतं की अडकलं होतं, हे मी पाहिलेलं नाही. त्यानंतर मागून डाव्या कानावर फटका बसला. कोणी मारला, हे मी पाहिलेलं नाही."

न्यायाधीश बाई लिहून घेत होत्या. आरोपीचे वकील घड्याळ पाहत होते. ज्या नियमाने तो काठीवाला वाचत होता, त्याच नियमाने या माणसाने मलाही वाचवून ठेवलं होतं, आणि तेही दवाखान्याच्या खाटेवर, कानातून रक्त येत असताना. कडी सरकल्याचा आवाज दाराबाहेर येतो हो. लोखंडी कडी आहे ती. चाकाच्या आवाजावरून काच ओळखणाऱ्या माणसाला काय ती ऐकू गेली नसेल?

"अक्षर त्यांचंच," मी म्हणालो.

"ठीक आहे. उतरा."

मी उतरलो नाही. दोन्ही हातांनी पिंजऱ्याचा कठडा धरला.

"कडी मी लावली होती," मी म्हणालो. "दार अडकलं नव्हतं. आणि मी बाकावर चढून जाळीतून पाहिलं. काठी यांनी मारली." मी बोट दाखवलं. अध्यक्षांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं, त्याचं काय करावं हे त्यांना कळेना.

मग व्हायचा तो गोंधळ झाला. आरोपीचे वकील उसळून उठले. आधी लेखी एक, आता तोंडी दुसरं. त्यातून सख्खा मेहुणा! हा साक्षीदार काय कामाचा? त्यांनी मला तासभर भाजून काढलं.

"त्या दिवशी खोटं लिहिलंत, हे मान्य आहे?"

"हो."

"मग आज खरं बोलताय कशावरून?"

"अहो, खोटंच बोलायचं असतं तर नुसतं 'मारताना पाहिलं' म्हणालो असतो," मी म्हणालो. माझाही पारा चढला होता. "कडी लावली हे कशाला सांगितलं असतं? माझी बहीण बसलीय तिथे."

न्यायाधीश बाईंनी मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि ते वाक्य लिहून घेतलं.

निकाल चार महिन्यांनी लागला. अध्यक्षांना त्याच कायद्याखाली दोन वर्षांची शिक्षा झाली आणि निकालपत्रात माझं ते वाक्य आलं. खोटा रिपोर्ट दिला म्हणून आमच्या रेफरी मंडळाने मला तीन वर्षं मैदानाबाहेर काढलं. योग्यच केलं. त्यावर मी अपील केलं नाही.

पण माझ्या डोक्यात राहिलाय तो साक्षीचाच दिवस. मी बाहेर आलो तेव्हा लांब गॅलरीत ताई उभी होती. ती ओरडेल, हात उगारेल असं मला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "अकरा घरांची दारं ठोठावली मी. प्रत्येक दारात तू माझ्यामागे उभा होतास." आणि जिना उतरून गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलायला वर्ष लागलं, आणि तेही कामापुरतं.

भाऊजी मागून आले, भिंतीला हात लावत, सावकाश. मी त्यांच्या डाव्या बाजूला होतो. "भाऊजी," मी म्हणालो, पण त्यांना ऐकू गेलं नाही. मग ते स्वतःच वळले आणि मला पाहून थांबले.

"मी तीनदा ठोठावलं होतं," ते म्हणाले. "तुला ऐकू आलं होतं?"

"आलं होतं."

"गोंगाटात ऐकू गेलं नसेल असं मी धरून चाललो होतो," ते म्हणाले. मग त्यांनी खिशातलं निळं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "रिपोर्ट नव्यानं लिही. तारीख आजची घाल. आणि पाहिलंस तेवढंच लिही."

मी तिथल्याच बाकावर बसून लिहिलं. वीस मिनिटं लागली. तोवर ते भिंतीला टेकून उभे होते, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. लिहून झाल्यावर मी पाकीट मागितलं. ते म्हणाले, "आधी मला वाचून दाखव." चौदा वर्षांत त्यांनी नियम मोडलेला मी तेवढाच पाहिला. मी उठलो, त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.